दहातले सात

आधीच सांगून ठेवतो, मला दहावीला गणितात शंभरपैकी ब्याण्णव होते. हे मी उगाच मध्ये आणत नाही. पुढं जे काही झालं, त्यात गावानं माझ्या अकलेवर बरीच चर्चा केली, तेव्हा वाचणाऱ्यापाशी निदान एक तरी कागदोपत्री गोष्ट असावी. आमच्या मंडळींचं, म्हणजे प्रभावतीचं, म्हणणं असं की ती गुणपत्रिका आजवर कोणी पाहिलीच नाही. खरं आहे, ती उधईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ली. पण उधईनं खाल्ली म्हणून मार्क कमी होत नाहीत.

आमचं गाव दारव्ह्याहून नेरला जाताना लागतं. जीपमध्ये चौदा माणसं कोंबली की ती निघते आणि आमच्या फाट्यावर हमखास थांबते, कारण ड्रायव्हरला फुलचंदच्या पानठेल्यावर खर्रा घ्यायचा असतो. याच जीपनं मी रोज तालुक्याच्या कचेरीत जातो. तिथं मी आवक-जावकला आहे. गावात मला बळीरामबाबू म्हणतात.

साल दोन हजार सहा. हिवाळा. त्या साली कापसाला भाव नव्हता. ज्याच्या घरी कापूस होता त्यानं तो माजघरात छतापर्यंत भरून ठेवला होता आणि माणसं ओसरीत झोपत होती. बाजारात गाड्या येत नव्हत्या. त्याऐवजी गावात पथकं यायची. पांढरी जीप, चष्मेवाले चार लोक, एक वही. विचारपूस करायचे, चहा प्यायचे, जायचे. आमच्या गावाला पांढऱ्या जीपची इतकी सवय झाली होती की धुळीवरून कोणत्या खात्याची आहे ते म्हातारे ओळखत.

अशाच एका जीपमधून अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकाबाई आल्या. प्रभावती ही आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीची सेविका. वीस वर्षं झाली. बाईंनी रजिस्टर पाहिलं, पोरं पाहिली आणि प्रत्येकाला म्हटलं, चार चणे दे. आता आमची पोरं एक ते शंभर गाण्यात म्हणतात, टाळ्या वाजवून, मध्ये श्वास न घेता. पण चार चणे दे म्हटलं की मूठभर देतात, आणि दोन स्वतः खातात. अठरा पोरांतली चारच मोजती निघाली. बाई म्हणाल्या, महिन्यानं मोठे साहेब येतील. तोवर पोरं दहापर्यंत वस्तू मोजती झाली नाहीत, तर ही अंगणवाडी पलीकडच्या वस्तीतल्या अंगणवाडीत विलीन.

पलीकडची वस्ती डांबरी रोडच्या पलीकडं आहे. त्या रोडवर ट्रकवाले आपल्या बापाचा रोड असल्यासारखे येतात. आया सकाळीच वावरात गेलेल्या असतात. चार वर्षांचं पोट्टं एकटं तो रोड ओलांडून शाळेत जाईल का? विलीन म्हणजे बंद, हे सगळ्यांना समजत होतं. प्रभावती त्या दिवशी जेवली नाही. ताट झाकून ठेवलं आणि रजिस्टरमधली अठरा नावं पुन्हा पुन्हा वाचत बसली. मला ते पाहवलं नाही.

"तू चिंता करू नको," मी म्हणालो. "गणिताचं माझ्यावर सोड."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिची चिंता वाढलेली दिसली.

माझ्यापाशी एक हुकमी पान होतं. 'खेळता खेळता अंक' नावाची एक सरकारी पुस्तिका आमच्या कचेरीत आली होती. ती जिल्ह्यातून सगळ्या अंगणवाड्यांना जायची होती, पण तीन वर्षांपासून आमच्याकडंच पडून होती. पुढं पाठवण्याचं काम कोणाकडं होतं, हा प्रश्न इथं गौण आहे. मी एक प्रत पिशवीत घातली आणि घरी आणली. पान दोनवर लिहिलं होतं: 'स्थानिक परिसरातील विनामूल्य साहित्याचा कल्पक वापर करावा.' मी कल्पक वापर सुरू केला.

स्थानिक विनामूल्य साहित्य म्हणजे चिंचोके. मी टोपलंभर चिंचोके गोळा केले. आमच्याच गल्लीतल्या धुरपताबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. या बाईंना सत्तरीच्या पुढं सल्ला देण्याशिवाय दुसरा धंदा राहिलेला नव्हता, आणि त्या तो मन लावून करत.

"चिंचोके कायले आनले बाबू?"

"पोरांना मोजायला."

"पोट्टे मोजत नसतात. पोट्टे भोकं पाह्यतात," धुरपताबाई म्हणाल्या. "चिंचोका दिसला का थे भोक धुंडते."

मी हसलो. शिकलेल्या माणसानं अशा वेळी हसावं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कचेरीत निरोप आला की संघर्षच्या नाकात चिंचोका गेला. संघर्ष हा चार वर्षांचा, गोलमटोल, अंगणवाडीत सगळ्यात आज्ञाधारक पोरगा. मी धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी चिमट्यानं चिंचोका काढला. मी हात जोडून निघणार, तर ते म्हणाले, "थांबा, अजून काहीतरी आहे." आणि दुसऱ्या खेपेला तुरीचा एक दाणा बाहेर आला.

"हा आमचा नाही," मी ताबडतोब सांगितलं. "आमच्या उपक्रमात तूर नाही."

संघर्षची माय विचारात पडली. "तूर तं मागच्या साली झालती," ती म्हणाली.

संघर्ष मात्र लय खूश होता. परत येताना जीपमधल्या चौदाही जणांना त्यानं दोन बोटं दाखवून सांगितलं, "नाकात दोन होते." दोन हा अंक त्याला जन्मभरासाठी समजला. उपक्रमाचं पहिलं यश म्हणून मी ते डायरीत नोंदवलं. प्रभावतीनं चिंचोके चुलीत टाकले.

पुस्तिकेच्या पान सातवर 'उडी मारा, अंक ओळखा' असा खेळ होता. जमिनीवर चौकोन आखायचे, त्यात आकडे टाकायचे, पोरांनी उड्या मारत जायचं. यात नाकाचा संबंध येत नाही, हे मी प्रभावतीला पटवून दिलं. अंगणवाडीचं अंगण लहान, आणि तिथं धुरपताबाईंची शेळी बांधलेली. म्हणून मी गल्लीचा विचार केला. अंगणवाडीपासून फुलचंदच्या ठेल्यापर्यंत सरळ गल्ली, दोन्ही बाजूंनी घरं. एका रविवारी पहाटे, गाव उठायच्या आत, मी बादलीभर चुना आणि कुंचा घेऊन निघालो. गल्लीत दहा चौकोन काढले. हाताला सवय आहे म्हणून आकडे ठसठशीत काढले, प्रत्येकाभोवती गोल केला, आणि पोरांना उडी कुठं मारायची ते कळावं म्हणून बाजूला एक बाण. दोन ठिकाणी जमिनीवर शेण होतं, तिथला आकडा मी समोरच्या भिंतीवर काढला. काम पाहून मलाच समाधान वाटलं. मग अंघोळ करून मी एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, यवतमाळला निघून गेलो.

घात केला तो बाणानं. बाण नसता तर काही झालं नसतं.

संध्याकाळी फाट्यावर उतरलो तर फुलचंदचा ठेला जागेवर नव्हता. तो चार फूट मागं सरकला होता आणि फुलचंद घामाघूम होऊन त्याच्या चाकाखाली दगड लावत होता.

"काय झालं गा?"

"तुमाले मालूम नाही काय बाबू? रोड रुंद होऊन राह्यला. अतिक्रमणाचे नंबर टाकून गेले सकाळी. मी पह्यला नंबर."

मी गल्लीत पाहिलं. प्रत्येक घरासमोर माणसं उभी होती. कोणी ओटा फोडत होतं, कोणी टिनं काढत होतं. धुरपताबाईंनी तर स्वतःच्या गोठ्याची भिंत स्वतःच्या हातानं पाडून विटा रचून ठेवल्या होत्या. "सरकारनं पाडली तं इटा फुटते," त्यांनी मला समजावलं. "आपन पाडली तं साबूत राह्यते." त्यांच्या पडलेल्या भिंतीसमोर माझा चार, गोलासकट, चमकत होता.

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा असतो की तेव्हा बोललं तर हसण्यावारी जातं, आणि तो क्षण मी जीपमध्ये घालवला होता. गावचं शिष्टमंडळ ग्रामसेवकाकडं जाऊन आलं होतं. ग्रामसेवक म्हणाले, आमचे नाहीत, बांधकामवाल्यांचे असतील. दुसऱ्या दिवशी बांधकामवाल्यांचा एक माणूस फटफटीवर आला. त्यानं गल्ली पायी फिरून पाहिली, आकड्यांवर नखानं खरवडून चुना तपासला, आणि म्हणाला, "काम आमचंच दिसते. पन दहावर काहून थांबले?" काम अर्धवट राहू नये म्हणून त्यानं डब्यातून लाल रंग काढला आणि पुढं अकरा, बारा, तेरा, चौदा टाकून गेला. अकरा नंबर आमच्या घरावर आला.

प्रभावती दारात उभी राहून अकराकडं पाहत होती. मग ती गल्लीत गेली, चारसमोर थांबली आणि परत आली.

"हा चार तुमचा आहे," ती म्हणाली.

"कशावरून?"

"वीस वर्सं झाले, तुमच्या हातच्या किराण्याच्या याद्या वाचून राह्यली मी. चाराले शेपटी फक्त तुमीच काढता."

त्या संध्याकाळी फुलचंदच्या ठेल्यासमोर, सरकलेल्या जागी, मी गावासमोर कबुली दिली. पुस्तिका दाखवली. पान सात वाचून दाखवलं. मग मागून कोणीतरी विचारलं, "म्हंजे लंगडी खेळाले आमी घरं पाडले?" मी पुस्तिका मिटून पिशवीत घातली.

"थे जाऊ द्या," धुरपताबाई म्हणाल्या. "माह्या गोठ्याची भित कोन घालून देते?"

मी घालून दिली. एक रविवार आणि कचेरीची दोन दिवसांची किरकोळ रजा. मी वीट उचलून द्यायचो, गवंडी लावायचा, आणि धुरपताबाई खाटेवर बसून म्हणायच्या, "मोजा बाबू, मोजा. हे बी गनितच हाय." शेळी माझ्याकडं पाहत रवंथ करायची. या काळात माझी मान जी खाली गेली, ती वर यायला फार दिवस लागले. साहेब यायला आठवडा उरला होता, आणि पोरांच्या खात्यावर नाकातले दोन सोडले तर काही जमा नव्हतं. प्रभावती रात्री अंथरुणात नुसती पडून राहायची. झोप लागली नाही की माणूस कसा श्वास घेतो ते कळतं.

अशा वेळी रहेमानभाई आले. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. तीस वर्षं कापसाच्या बाजारात मापारी. काट्याशी उभं राहून माप पुकारायचं हे त्यांचं काम, आणि आवाज असा की बाजाराच्या फाटकाबाहेर गाडीवाल्याला आपला आकडा ऐकू यायचा. त्या साली गाड्याच नव्हत्या. रहेमानभाई घरी बसून होते. दोन महिन्यांत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, आणि त्यांची बायको जमिलाभाभी प्रभावतीला सांगायची की माणूस घरात वावरतो पण बोलतच नाही. ते दुपारी नात नुजहत हिला अंगणवाडीतून न्यायला यायचे. त्या दिवशी भिंतीचं काम दुपारीच आटोपल्यामुळं मी पोरांना फळ्यावर आकडे शिकवत होतो. अठरापैकी अकरा पोरं झोपली होती.

रहेमानभाईंनी दारातून थोडा वेळ पाहिलं.

"बाबू, तुमी अंक शिकवून राह्यले," ते हळूच म्हणाले. "अंक कोनाले पाह्यजे? पोट्ट्यायले काम पाह्यजे."

मी म्हणालो, पुस्तिकेत असं कुठं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुना तराजू आणला, दोन टोपल्या आणि पोतंभर कापसाची सुकलेली बोंडं. बोंड नाकात जात नाही, हे मी स्वतः तपासून घेतलं. मग शेळी सोडली आणि अंगणात बाजार भरवला.

पोरं झोपायची विसरली. चार पोरं बैल, दोन गाडीवाले, एक व्यापारी, एक हमाल. गाड्यांची लाइन लागायची, लाइनमध्ये भांडणं व्हायची, नुजहत काट्यावर उभी राहायची आणि रहेमानभाई मागून शिकवायचे. माप मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत. बरकत म्हणतात. "बरकतऽऽ, दोनऽऽ, तीनऽऽ" असा रहेमानभाईंचा आवाज पहिल्या दिवशी घुमला, तेव्हा जमिलाभाभी पीठ मळता मळता तशाच हातानं गल्लीत धावत आल्या आणि अंगणवाडीच्या दारात उभ्या राहून डोळे पुसू लागल्या. डोळ्याला पीठ लागलं. प्रभावतीनं त्यांना आत घेऊन पाणी दिलं.

मी रोज कचेरीत असायचो. संध्याकाळी घरी आलो की गल्लीत जिकडंतिकडं पोट्टे मोजताना दिसायचे. बरकत, दोन, तीन. कोणी कोंबड्या मोजायचं, कोणी चपला. संघर्षनं माझ्या बंद पडलेल्या स्कूटरचे नट मोजले आणि त्यातला एक काढून घेतला. प्रभावती जेवू लागली होती. मी समाधानानं अहवाल लिहायला बसलो. उपक्रमाचे नाव: खेळता खेळता अंक. संकल्पना व मार्गदर्शन: श्री. बळीराम, आवक-जावक. रहेमानभाईंचं नाव कुठं टाकावं हा प्रश्न आला. छापील नमुन्यात तसा रकाना नव्हता. शेवटी मी ते 'स्थानिक साहित्य' या रकान्यात, तराजू आणि बोंडांच्या खाली लिहिलं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त रकाना नव्हता.

पोरं मोजतात कशी, हे मात्र मी जवळ बसून एकदाही पाहिलं नाही. ब्याण्णव मार्कांच्या माणसाला ते पाहायची गरज वाटली नाही.

साहेब आले तो बुधवार होता. पांढरी जीप पाहून गावाला वाटलं, कापसाचं पथक आलं. पाच मिनिटांत अंगणवाडीच्या दारात पन्नास माणसं. गोविंदा नावाचे एक म्हातारे घरातला कापूस मुठीत घेऊनच आले होते. साहेबांना दाखवायला. अंगणवाडीचे साहेब आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "असू द्या, साहेब तं हाय ना," आणि तिथंच थांबले.

साहेबांचं नाव लालसिंग राठोड, मूळचे फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे. उंच, बोलायला कमी. ते सरळ सतरंजीवर मांडी घालून बसले. पर्यवेक्षिकाबाईंनी वही उघडली. प्रभावती भिंतीला टेकून उभी होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी नवीन शर्ट घालून तिच्या बाजूला. रहेमानभाई कोपऱ्यात, दाराशी.

बाईंनी नुजहतला पुढं बोलावलं. तिच्यासमोर दहा बोंडं ठेवली. मी स्वतः मोजली, दहाच होती.

"बाळा, किती आहेत सांग."

नुजहतनं बोंडांकडं नीट पाहिलं. एक उचललं, उलटंपालटं केलं, दाबून पाहिलं आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं. दुसरं बाजूला सारलं. तिसरं संघर्षकडं फेकलं. मग बोट लावून खणखणीत म्हणाली, "बरकत, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात झाले."

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. पुढचं पोरगं आलं. एक खिशात, एक बाजूला, एक फेकलं. सात. त्याच्या पुढची पोरगी. सात. मी डोळ्यांनी खुणा करू लागलो, हाताची दहाही बोटं दाखवू लागलो. पोरांना वाटलं बाबू नवीन खेळ खेळतात, तीही मला दहा बोटं दाखवू लागली, आणि परत सात म्हणू लागली. संघर्षसुद्धा. अठरा पोरांनी अठरा वेळा दहाचे सात केले. माझ्या बाजूला प्रभावतीचा श्वास मला ऐकू येत होता, रात्री ऐकू यायचा तसाच.

"साहेब, मुलं घाबरली आहेत," मी पुढं होऊन म्हणालो.

"मी नाई घाबरली," नुजहत म्हणाली.

साहेबांनी मला हातानं मागं सारलं आणि नुजहतला जवळ बसवलं. "बेटा, बाकीचे तीन कुठं गेले?"

"एक वानगी पाह्याले घेतला," नुजहत म्हणाली. "माल पाह्याले लागते ना. एक धर्माचा. एक कट्टी."

"कट्टी काहून?"

"माल ओला राह्यते. वजनात घट येते."

साहेबांनी एक बोंड उचलून तिच्या हातावर ठेवलं. "पाहा बरं. ओला आहे?"

तिनं दाबून पाहिलं. बोंड कडकड वाजलं. "नाई. वाळेल हाय."

"मंग कट्टी काहून?"

नुजहतनं त्यांच्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. एवढा मोठा साहेब आणि एवढं साधं माहीत नाही.

"कट्टी तं असतेच ना," ती म्हणाली.

गोविंदांनी मुठीतला कापूस धोतराच्या सोग्याआड नेला. रहेमानभाई उठून उभे राहिले.

"साहेब, गलती माही हाय," ते म्हणाले. "खेळ जमला पाह्यजे म्हनून जसा बाजार तसा शिकवला. मले वेगळा येतच नाही. तीस साल माप पुकारलं. खोटं नाही बोललो कधी. पन कट्टी झाल्यावरच पुकारलं. बाईचा काही दोष नाही. अंगनवाडी बंद नोका करू."

साहेब नुजहतकडं पाहत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रागानं हलतात. पण ते हसत होते. हसता हसता त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, परत हसू आलं.

"माझा बाप तांड्यावरून गाडी जुंपून बाजारात जायचा," ते म्हणाले. "घरी मोजून भरलेला कापूस काट्यावर कमी कसा भरतो, हे त्याला मरेपर्यंत समजलं नाही. परत येताना रस्ताभर बैलाला विचारायचा. या पोरीला पाचव्या वर्षी समजलं." मग ते बाईंकडं वळले. "दहातून तीन गेले तर किती?"

"सात, सर."

"मग वहीत काय लिहिलं तुम्ही?"

"मोजता येत नाही, सर."

"मोजताच येत नसतं तर वजाबाकी कशी केली असती? खोडा ते."

बाईंनी खोडलं. प्रभावती भिंतीला धरून हळूच खाली बसली. मी तिला पाणी द्यायला वळलो, तर जमिलाभाभींनी आधीच दिलं होतं.

साहेबांनी बोंडं पुन्हा गोळा केली. "आता ऐका रे. बाजारात असेल ते असेल. इथं कट्टी नाही."

नुजहतला हा व्यवहार संशयाचा वाटला. "वानगी बी नाई?"

"नाही."

"धर्माचा?"

"तोही नाही. दहाचे दहा."

तिनं नाइलाजानं खिशातलं बोंड काढून ठेवलं. बाजूचं आणलं. तिसरं संघर्षकडं होतं आणि तो देईना. "थो माहा हाय," एवढंच त्याचं म्हणणं. पाच मिनिटं वाटाघाटी झाल्या, शेवटी साहेबांनी स्वतःचा पेन देऊन बोंड सोडवलं. मग नुजहत मोजायला लागली. बरकत. दोन. तीन. चारपासून सगळी पोरं तिच्यासोबत. सातपाशी आल्यावर ती थांबली, साहेबांकडं पाहिलं, साहेबांनी मान हलवली, आणि ती पुढं निघाली. आठला दारातली माणसं सामील झाली. नऊ. दहाला असा आवाज उठला की धुरपताबाईंच्या शेळीनं दावं तोडलं.

गर्दीतून गोविंदा पुढं आले. मुठीतला कापूस त्यांनी तराजूच्या पारड्यात ठेवला. "माहा बी मोजून दे व माय," ते नुजहतला म्हणाले. "कट्टी नाही ना इथं?"

त्यानंतर कोणाला आवरता आलं नाही. फुलचंदनं सुपाऱ्या आणल्या. कोणी कांदे आणले. धुरपताबाईंनी करडूच पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्या पारड्यात पोरं चढू लागली. रहेमानभाई काट्यावर उभे राहून पुकारत होते आणि त्यांचा आवाज पार फाट्यापर्यंत जात होता. जीपचा ड्रायव्हर खर्रा टाकून पाहायला आला. दोन तास साहेब हलले नाहीत. जाताना त्यांनी शेरा लिहिला: 'अंगणवाडी याच ठिकाणी चालू ठेवावी.'

मग त्यांनी माझा अहवाल उघडला. मी घसा साफ केला, शर्ट सारखा केला.

"स्थानिक साहित्य," साहेब मोठ्यानं वाचू लागले. "तराजू एक. टोपल्या दोन. बोंडं पोतंभर. रहेमान शेख." त्यांनी मान वर केली. "हे शेवटचं साहित्य कोणतं?"

रहेमानभाईंनी हात वर केला.

पुढचं मी सांगत नाही. गाव ते अजून सांगतं, तिथं ऐकावं.

त्या संध्याकाळी प्रभावतीनं भजे तळले. कितीतरी दिवसांनी ती गुणगुणत होती. ताटली माझ्यासमोर ठेवली. मोजायची आता सगळ्या गावाला सवय लागली होती, मीही मोजले, दहा होते. तिनं एक उचलून तोंडात टाकला. "वानगी," म्हणाली. दोन वाटीत काढून झाकले. "हा रहेमानभाऊच्या घरी, धर्माचा. अन् हा कट्टी."

"अगं, पण साहेब म्हणाले ना, कट्टी नाही म्हणून."

"थे अंगनवाडीत. घरी बाजार चालू हाय."

भिंतीवरच्या लाल अकराखाली बसून भजे खाऊ लागलो. ती समोर बसली. दिवसभराचं हसू अजून तिच्या तोंडावर होतं.

"मी काय म्हन्ते," ती म्हणाली. "दहावीले तुमाले गनितात शंभरच असतील."

"ब्याण्णव," मी म्हणालो. "मी खोटं बोलत नाही."

"हाव ना. आठ कट्टीत गेले असतील."

वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं त्या गुणपत्रिकेवर शंका घेतली नाही. मी सातही भजे खाल्ले.